पनीरचं पाणी, कट, धुवण, खार, तळणीचं तेल : काय पोटात, काय कुंडीत, काय मोरीत?

तिखटमीठ

घरात चार माणसं. आठवड्याला दोन लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर, महिन्यातून एकदा श्रीखंडासाठी चक्का, उसळ जवळजवळ रोज, सणावाराला पुरण आणि तळण. साली, देठं, चोथे यांचं अडत नाही, ते खताच्या बादलीत जातात. अडतं ते पातळ गोष्टींपाशी. खताच्या बादलीत ओतल्या तर बादली चिकचिकते आणि वास मारते. मोरीत ओतायचं जिवावर येतं. मग फ्रिजच्या दारात बाटल्या साठत जातात आणि शेवटी मोरीतच रिकाम्या होतात.

"टाकू नका, पौष्टिक असतं" हा सल्ला भरपूर मिळतो. मला मापं आणि कारणं हवी आहेत.

१. पनीरच्या पाण्यात तूरडाळ लावली की पाच शिट्ट्यांनंतरही कचकचीत राहते. दोष पाण्याचाच का? मग ते वापरायचं कशात, आणि टिकतं किती?
२. कडधान्य भिजवलेलं पाणी आणि शिजवलेलं पाणी, दोन्ही ठेवायची का?
३. पुरणाची डाळ कुकरला लावली की कट जेमतेम अर्धी वाटी निघतो. पाणी किती घालावं?
४. तळणीचं तेल किती वेळा वापरावं आणि शेवटी त्याचं काय करावं?
५. यातलं कुंड्यांना काय चालतं? बाल्कनीत कढीपत्ता, मोगरा, तुळस आणि दोन मिरच्या आहेत.

निवळशंख

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, पण सविस्तर.

डाळ न शिजायला पाणीच कारण. डाळ मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. पाणी आंबट असेल तर पेक्टिन सहज विरघळत नाही आणि पाण्यात कॅल्शियम असेल तर ते आणखी घट्ट होतं. लिंबू पिळून फाडलेल्या दुधाच्या पाण्यात दोन्ही आहेत. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचा रिवाज आहे, त्यामागेही हेच. तेव्हा डाळ साध्या पाण्यात शिजवून घोटा आणि सारखी करताना पनीरचं पाणी घाला. आमटीत चिंच किंवा आमसूल नेहमीच्या निम्मं पुरतं.

रस्सा भाजीच्या बटाट्याला मात्र हाच गुण उपयोगी पडतो. फोडी या पाण्यात शिजवल्या तर कडा मोडत नाहीत, रस्सा पिठूळ होत नाही. वेळ थोडा जास्त लागतो. कुस्करायच्या बटाट्याला, म्हणजे वड्याच्या किंवा पराठ्याच्या सारणाला, हे पाणी अजिबात नको.

आता हिशेब. दोन लिटर दुधामागे साधारण दीड लिटर पाणी निघतं. चौघांच्या पोळ्यांना दिवसाला ४०० ग्रॅम कणीक धरली तर तिला २४० ते २६० मिली पाणी लागतं. म्हणजे सगळं पाणी नुसत्या कणकेतच सहा दिवसांत संपेल. पण फ्रिजमध्ये ते तीन, फार तर चार दिवस चांगलं राहतं. म्हणून पनीर झाल्या झाल्या वाटणी करा : गाळून गार केलेलं ७५० मिली बाटलीत, उरलेलं पाव-पाव लिटरच्या तीन डब्यांत घालून फ्रीजरमध्ये. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. एक डबा रात्री खाली काढून ठेवला की सकाळच्या कणकेला तयार.

या कणकेबद्दल दोन गोष्टी. पाण्यात दुधातली साखर असते, त्यामुळे पोळी लवकर लाल होते. तवा नेहमीपेक्षा किंचित मंद ठेवा, नाहीतर आत कच्ची आणि वर डागाळलेली होते. आणि ही कणीक उन्हाळ्यात ओट्यावर दोन तास राहिली तरी आंबूस होते. मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, लाटा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची असेल तर साध्या पाण्यातच भिजवा. व्हिनेगरनं फाडलेल्या दुधाचं पाणी पोळीत घालू नये, वास राहतो. ते रश्श्यात जिरतं.

कढी करायची तर दोन वाट्या पाण्याला दीड टेबलस्पून बेसन. ताकाची कढी जोरात उकळली की फुटते, ही फुटत नाही, कारण फुटण्यासारखं जे होतं ते पनीरमध्ये गेलेलं असतं. त्याच कारणानं ती अंगानं पातळ लागते. अर्धी वाटी दही घुसळून घातलं तर फरक पडतो, पण मग आच मंद हवी.

सगळ्यांत चांगला उपयोग माझ्या मते पुढच्या पनीरसाठी. छेन्याची मिठाई करणारे आदल्या दिवशीचं आंबवलेलं पाणी घालूनच दूध फाडतात. लिंबानं पनीर कधी कधी रबरासारखं होतं, कारण लिंबू एकदम जास्त पडतं. हे पाणी सौम्य असतं, पनीर मऊ येतं. अर्धा लिटर पाणी कोमट असताना त्यात चमचाभर दही कालवा आणि झाकून रात्रभर बाहेर ठेवा. दही घालायचं कारण असं, की हे पाणी उकळत्या दुधातून आलेलं आहे, त्यात आंबवणारे जिवाणू उरलेले नसतात. नुसतं ठेवलं तर भलतंच काही वाढतं. थंडीत याला पूर्ण दिवस लागतो. चव ताकाइतकी आंबट लागली की फ्रिजमध्ये ठेवा. पनीर करताना दूध उकळलं की गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि हे पाणी थोडं थोडं घाला. लिटरला २०० ते २५० मिली लागतं. हिरवट, पारदर्शक पाणी सुटलं की लगेच थांबा. पाणी दुधाळच राहिलं तर आंबटपणा कमी पडला. दूध परत गरम करून चमचाभर लिंबाचा रस घाला. आंबवलेल्या पाण्यावर रंगीत बुरशी दिसली किंवा ते तारेसारखं लांबायला लागलं तर टाकून द्या, उकळून वाचवत बसू नका.

चक्क्याचं पाणी वेगळं. ते जिवंत विरजणाचं आणि जास्त आंबट असतं. आंबोळीचं किंवा ढोकळ्याचं पीठ भिजवताना निम्मं साधं, निम्मं हे असं घातलं तर पीठ लवकर फुगतं. वरच्या कामाला दही घालायच्या ऐवजी याचे दोन चमचे विरजण म्हणून चालतात.

आणि पौष्टिकतेबद्दल. "सगळं प्रोटीन पाण्यात जातं" हे पनीरच्या बाबतीत खरं नाही. दूध उकळलेलं असल्यामुळे पाण्यात जाणारी प्रथिनंही बहुतेक पनीरमध्येच अडकतात. पाण्यात उरतात फार तर अर्धा टक्का. त्याउलट दुधातली साखर साधारण पाच टक्के असते. एक पेला म्हणजे जवळपास दहा ग्रॅम साखर. मधुमेह असलेल्यांनी किंवा ज्यांना दूध बाधतं त्यांनी हे "औषध" म्हणून पेले भरून पिऊ नये.

येळवणी

प्रश्न २ आणि ३.

कट कमी निघतो कारण कुकरला आपण डाळीपुरतंच पाणी घालतो. एक वाटी चणाडाळ शिजताना सव्वा वाटीच्या आसपास पाणी पिते. त्याच्या वर जे घालाल तेवढाच कट. कुकरला एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी घाला, दीड ते पावणेदोन वाट्या कट मिळेल. उघड्या पातेल्यात शिजवणार असाल तर पाच वाट्या, कारण बरंचसं वाफेनं उडतं. डाळ आधी तासभर भिजवा. शिजवताना चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद. मीठ नको. सोडा तर मुळीच नको : डाळ लवकर गळते, पण कट बुळबुळीत होतो आणि त्याला साबणासारखी चव येते, मग आमटीत कितीही मसाला घाला.

डाळ बोटानं सहज चेपली जावी, पण दाणा दाणा राहावा. फुटून पाण्यात मिसळली तर कट दाट मिळतो, पण डाळीत पाणी राहतं आणि पुरण आटता आटत नाही. कुकरमध्ये हेच बिघडतं. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. डाळ गरम असतानाच चाळणीवर दहा मिनिटं निथळा. गार होऊ दिलीत तर कट डाळीलाच चिकटून बसतो.

पावणेदोन वाट्या कटाला दोन वाट्या गरम पाणी, दोन टेबलस्पून तयार पुरण, टेबलस्पूनभर चिंचेचा कोळ, दोन टेबलस्पून भाजून वाटलेलं सुकं खोबरं आणि जिरं, दोन चमचे गोडा मसाला. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाला आणि भाजलेला कांदा पडतो, गोडा मसाला नाही. ती वेगळी आणि माझ्या मते जास्त चांगली आमटी. फोडणीत घालून दहा मिनिटं खळखळून उकळा. गार झाली की आळते, दुसऱ्या दिवशी गरम पाणी घालूनच सारखी करावी.

कट मात्र तसाच ठेवायची वस्तू नाही. होळीच्या उन्हात दुपारचा कट संध्याकाळी फसफसतो. लगेच आमटी होणार नसेल तर उकळी आणा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. फसफसलेल्या कटाचा आंबटपणा चिंचेत लपतो असं समजून आमटी करू नये.

कडधान्यांचं सरळ आहे : भिजवलेलं पाणी टाका, शिजवलेलं ठेवा. भिजवलेल्या पाण्यात पोटात वायू धरणाऱ्या साखरा आणि सालीतला तुरटपणा उतरलेला असतो. राजम्याच्या बाबतीत हा नियम पाळाच. कच्च्या राजम्यात विषारी घटक असतो, त्यामुळे उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नवीन पाणी घालायचं आणि निदान दहा मिनिटं चांगली खळखळ उकळी द्यायची. मंद आचेवर तासन् तास ठेवून ते काम होत नाही.

शिजवलेल्या पाण्याचं कढण करा. कुळथाचं सगळ्यांत चविष्ट. एक वाटी कुळीथ रात्रभर भिजवून पाच वाट्या पाण्यात सात-आठ शिट्ट्या. तीन-साडेतीन वाट्या पाणी निथळून घ्या. त्यात दोन डाव शिजलेले कुळीथ वाटून परत मिसळा म्हणजे सार चोथापाणी होत नाही. चार आमसुलं, ठेचलेला लसूण, तुपाची फोडणी. उरलेल्या कुळथाची उसळ. मूग-मटकीचं पाणी पातळ असतं, ते त्याच उसळीच्या रश्श्यात किंवा भातात जिरवा. छोल्यांचं पाणी बिनमिठाचं ठेवलंत तर आटवून अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट करता येतं. तीन टेबलस्पून म्हणजे एका अंड्याऐवजी केकमध्ये चालतं.

मोडाची_मटकी

वरच्या "भिजवलेलं पाणी टाका" ला एक पुस्ती. मोड आणणार असाल तर दुसरं पाणीही टाकायचंच आहे. फडक्यात बांधलेली मटकी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत लागते ते राहिलेल्या पाण्यामुळेच. सकाळी मोड पुन्हा एकदा धुऊन निथळले तर वास येत नाही. ही सगळी पाणी कुंड्यांना घाला, पण त्याच दिवशी.

कढईतळ

तेल.

किती वेळा, याचं आकड्यात उत्तर नाही, कारण काय तळलं त्यावर ते ठरतं. पुऱ्या तळलेलं तेल बरंच स्वच्छ राहतं. भजी, वडे, पीठ लावलेले मासे तळले की बेसनाचे किंवा रव्याचे कण तळाशी जळतात आणि तेच तेलाला लवकर नासवतात. बाजारातल्या तळणासाठी एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा आहे : १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून बिघडताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली ते तेल वापरता येत नाही. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून खुणा बघायच्या. तेल नेहमीच्या आचेला धुरकटायला लागलं, बारीक फेस येऊन बसेनासा झाला, गार झाल्यावर पळीवरून काकवीसारखं सावकाश ओघळलं, की ते खाण्याच्या कामातून गेलं. नुसता रंग पाहू नका. हळद-तिखटाच्या भज्यांनी चांगलं तेलही तांबडं होतं.

घरगुती शिस्त एवढीच : एकदा तळलं की पुन्हा तळणाला ठेवायचं नाही, फोडणीला संपवायचं. गार होऊ द्या, तासभर हलवू नका म्हणजे गाळ बसतो. वरचं तेल मलमलच्या फडक्यातून कोरड्या स्टीलच्या बरणीत गाळा, झाकण लावून अंधारात ठेवा. खालचा गाळ तेलात परत मिसळू नका. फोडणी, थालीपीठ, धिरडी यांत आठवड्यात संपवा. माशांचं तेल वेगळं ठेवा आणि माशांनाच वापरा. नव्या तेलाच्या डब्यात जुनं ओतायची सवय वाईट. जुन्यातला खवटपणा नव्यालाही लवकर आणतो.

मुळात उरतं जास्त कारण कढई पसरट असते. खोल, अरुंद बुडाच्या लहान कढईत ३०० मिली तेलात पाच-सहा भजी एका वेळी सुटसुटीत तळून होतात. वेळ जास्त जातो, खरं. पण लिटरभर तेल तापवून अर्ध्याहून जास्त सांभाळत बसण्यापेक्षा बरं.

मोरीत ओतू नका. पाइपात गार होऊन ते साबणाच्या चिकट्याबरोबर थिजतं आणि गाळ धरून ठेवतं. गरम पाणी ओतून ते फक्त पुढच्या वळणापर्यंत जातं. कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसून मग घासा. हे तेल विळी-कोयत्याला गंज लागू नये म्हणून चोळायला काही जण सांगतात. अगदी पुसट हात दिलात तर ठीक, जाड लावलंत तर चिकट थर बसतो आणि धूळ धरतो.

जमवलेलं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी घेण्याची एफएसएसएआयची 'रुको' योजना २०१८ पासून आहे. तिचा रोख हॉटेलं आणि फरसाणवाल्यांवर आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो. सोसायटीत दिवाळीनंतर सगळ्यांचं मिळून एक-दोन डबे भरत असतील तर गोळा करणाऱ्याला बोलावण्यात अर्थ आहे. एका घराच्या अर्ध्या लिटरसाठी कोणी येणार नाही.

रिठा_शिकेकाई

अर्ध्या लिटरचा साबण होतो. अंगाचा नाही, भांड्यांचा आणि फडकी धुण्याचा.

वजनं ग्रॅममध्येच घ्या, वाटी-चमचा इथे चालत नाही. गाळलेलं शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल ४००, खोबरेल १००, कॉस्टिक सोडा ६९, पाणी १६५. यात पाचेक टक्के तेल जास्त राहील असं माप आहे. वापरलेल्या तेलाला तेवढी मोकळीक हवीच. खोबरेल नसेल तर साबण मऊ पडतो आणि फेस कमी येतो. तेव्हा माप बदला : नुसत्या ५०० ग्रॅम शेंगदाणा तेलाला कॉस्टिक ६४ पुरतं. तसंच ६९ घातलंत तर साबण हात खाईल.

कॉस्टिक सोडा म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे आणि धुण्याचा सोडाही नव्हे. ते घालून साबण होत नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात घाला, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप चटका बसेल इतकं तापतं आणि झणझणीत वाफ येते, म्हणून बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी करा. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा. लहान मुलं घरात मोकळी फिरत असतील तर हा उद्योग करू नका.

दोन्ही कोमट झाले की सोड्याचं पाणी तेलात धारेनं घाला आणि ढवळत राहा. हातानं अर्धा-पाऊण तास लागतो, वेगळ्या ठेवलेल्या ब्लेंडरनं पाच-सात मिनिटं. पळी उचलल्यावर पडलेली धार वर क्षणभर उमटून राहिली की साच्यात ओता. दोन दिवसांनी वड्या पाडा, मग हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुकवा.

काय बिघडतं : वर तेलाचा थर तरंगला तर ढवळणं कमी पडलं किंवा सोडा कमी. वडी ठिसूळ होऊन आत पांढरे खडे दिसले तर सोडा जास्त. ती वापरू नका. तळणाचा वास थोडा राहतो, लिंबाच्या सालीनं किंवा अत्तरानं तो जात नाही.

तिखटमीठ

डाळीचं कोडं सुटलं. साबणाचं बघते, घरात लहान मूल आहे.

एक राहिलं : भात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला देणं किती सुरक्षित? पुन्हा गरम केला की जंतू मरतातच ना? आणि तांदूळ धुतलेलं पाणी?

निवळशंख

जंतू मरतात, त्यांनी केलेलं विष मरत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात आणि ती भात शिजतानाही टिकतात. भात कोमट असताना ती जागी होतात, वाढतात आणि उलटी आणणारं विष सोडतात. ते उष्णतेला दाद देत नाही. फोडणी तर सोडाच, कुकरमध्येही ते जात नाही. वासावरून, चवीवरून कळत नाही. जुन्या काळी रात्रीचा भात सकाळी खातच होते हे खरं, पण पाण्यात आंबवलेला भात आणि कोरडा झाकून ठेवलेला भात यांत फरक आहे, आणि उन्हाळ्यातल्या बंद स्वयंपाकघरात दुसरा प्रकार धोक्याचाच.

उपाय सोपा. जेवणं झाली की उरलेला भात कुकरच्या भांड्यात ठेवू नका, तो मध्यभागी तासन् तास गरम राहतो. परातीत पातळ पसरा, वीस-पंचवीस मिनिटांत गार होतो, मग झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. तासाभरात आत गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा. फोडणीच्या भाताला गार, मोकळा भातच लागतो, त्यामुळे चवीचंही नुकसान नाही.

धुवणाचं पहिलं पाणी कुंडीत. दुसरं पाणी स्वच्छ असतं, ते पालेभाजी धुवायला, तेलकट ताटं आधी विसळायला चालतं. साठवायचं मात्र नाही, संध्याकाळपर्यंत आंबतं.

परसदार

कुंड्यांचं एकच सूत्र आधी लक्षात ठेवा : मीठ असलेलं काहीही नाही. मीठ घालून उकडलेल्या बटाट्यांचं पाणी, खाराचं पाणी, शेवयांचं किंवा पास्त्याचं पाणी, काहीच नाही. बागेत पावसानं मीठ धुऊन जातं. कुंडीत ते साठत जातं आणि पानांच्या कडा तपकिरी होतात.

कडधान्य भिजवलेलं आणि तांदळाचं धुवण तसंच घाला, गाळायचीही गरज नाही. रोज एकाच कुंडीला नको, फिरवून घाला, नाहीतर मातीवर पांढरी साय धरते आणि चिलटं होतात.

आंबट ताक कढीपत्त्याला घालतात ते बरोबर, पण पातळ करून. एक भाग ताक, दहा भाग पाणी, पंधरा दिवसांतून एकदा, दहा इंची कुंडीला अर्धा लिटर. पनीरचं पाणीही त्याच मापानं. तसंच ओतलंत तर दुधातली साखर मातीत आंबते, मुंग्या येतात, वास सुटतो. तुळशीला ते नकोच. मोगऱ्याला चालतं. मिरच्यांना फुलं धरली असतील तर थांबा.

मासे धुतलेलं पाणी कोकणात माडाच्या आळ्यात जातं, ते बाल्कनीत जमणार नाही. मांजरं माती उकरतात. परसात झाड असेल तर बुंध्यापासून हातभर लांब खड्डा करून त्यात ओता आणि वर माती ओढा. मीठ लावण्याआधीचं पाणी असलं पाहिजे, एवढंच.

चहाचा चोथा दुधा-साखरेसकट कुंडीत टाकू नका. चाळणीत दोनदा धुऊन, वाळवून, मूठभर मातीत मिसळा. वरच ठेवला तर थर घट्ट होतो आणि पाणी मुरत नाही.

खताची बादली चिकचिकते म्हणालात. एखाद्या दिवशी आमटी-रस्सा टाकायची वेळ आलीच तर बादलीत थेट ओतू नका. कोरडी पानं, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंडीचा चुरा एका टोपलीत घ्या, त्यावर ओता, मिसळा, मग बादलीत. वाटीभर रश्श्याला तीन वाट्या कोरडा माल. तेलकट रस्सा तेवढ्यानंही नको.

चिंचगूळ

शीर्षकात खार आहे आणि त्यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं.

कैरीच्या लोणच्याच्या फोडी संपल्या की राहतो तो खार म्हणजे मीठ, मोहरी, तेल आणि कैरीचा आंबटपणा. दोन वाट्या कणकेला टेबलस्पूनभर घालून पराठे करा. कणकेत वेगळं मीठ आणि तेल घालू नका. थालीपिठात, मेतकूट-भातावर, उकडलेल्या बटाट्याच्या काचऱ्यांवरही चालतो. लिंबाच्या लोणच्याचा खार वरणात चमचाभर घालावा, लिंबू पिळायची गरज राहत नाही.

बरणीच्या कडांना चिकटलेला काढायला पाणी घालू नका. कोमट तेल दोन चमचे ओता, फिरवा आणि त्या तेलातच फोडणी करा.

तिखटमीठ

त्या खारात ताज्या मिरच्या किंवा गाजराच्या फोडी घातल्या तर? फोडी धुवाव्या लागणारच.

चिंचगूळ

चालतं. धुऊन, पुसून, कापायच्या आधी पंख्याखाली दोन तास कोरड्या करा. कापल्यावर सुती फडक्यावर आणखी तासभर. वाटीभर खाराला वाटीभरच फोडी, त्याहून जास्त नाही. सोबत पाऊण चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस, कारण भाजीचं पाणी सुटून खार पातळ होतो आणि तो जुन्या लोणच्यासारखा टिकत नाही. पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्यानं वाढा, आठवड्याभरात संपवा. वर पांढरा पापुद्रा आला किंवा झाकण उघडताना फुस्स झालं तर सगळंच टाका, वरचं काढून खालचं खाऊ नका.